एडगर कॉड: डेटा कुठे ठेवलाय हे विसरायला लावणारा माणूस

फोनमध्ये आत्याचं नाव टाइप केलं की आत्याचा नंबर समोर येतो. तो नंबर मेमरीच्या कुठल्या कोपऱ्यात पडलाय, यादीत कितवा आहे, त्याच्याआधी कोणाचा नंबर आहे, यातलं काहीच आपण फोनला सांगत नाही. काय हवंय तेवढंच सांगतो. शोधायचं कसं, ते फोन बघून घेतो. आज हे इतकं साधं वाटतं की यासाठी एका माणसाला स्वतःच्याच कंपनीशी दहा वर्षं झगडावं लागलं, हे सांगितलं तर खरं वाटत नाही. त्या माणसाचं नाव एडगर फ्रँक कॉड. ओळखीचे लोक त्यांना टेड म्हणत.

खरं तर हा लेख लिबरऑफिस बेसमध्ये मॅक्रो वापरून फाइल निवडायची खिडकी कशी जोडायची, यावर लिहायचा होता. तेही सांगणार आहे. पण ते बटण बनवताना जी चूक बहुतेक लोक करतात, ती नीट कळायला कॉड यांची गोष्ट माहीत असावी लागते. म्हणून आधी गोष्ट.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेट परगण्यात पोर्टलँड नावाचं एक खडकाळ बेट आहे. तिथे ऑगस्ट १९२३ मध्ये कॉड यांचा जन्म झाला. सात भावंडांत ते शेंडेफळ. वडील चामड्याच्या धंद्यात, आई शाळेत शिक्षिका. ऑक्सफर्डला गणित आणि रसायनशास्त्र शिकत असताना दुसरं महायुद्ध सुरू होतं. कॉड ब्रिटिश हवाई दलात पायलट झाले आणि समुद्रावर गस्त घालणारी, पाण्यावर उतरणारी सुंदरलँड जातीची अवजड विमानं चालवली. युद्ध संपल्यावर डिग्री पूर्ण केली आणि १९४८ मध्ये अमेरिका गाठली.

तिथे थेट कॉम्प्युटरची नोकरी मिळाली असं नाही. न्यूयॉर्कच्या मेसीज या मोठ्या दुकानात खेळाच्या कपड्यांच्या विभागात सेल्समन म्हणून काम केलं, मग टेनेसी विद्यापीठात सहा महिने गणित शिकवलं. १९४९ मध्ये आयबीएममध्ये प्रोग्रॅमर म्हणून लागले. त्या वेळी आयबीएमचं एक अवाढव्य गणनयंत्र न्यूयॉर्कमध्ये रस्त्यावरच्या लोकांना काचेतून दिसेल असं मांडून ठेवलेलं होतं. कॉड त्याच यंत्रासाठी प्रोग्रॅम लिहीत.

१९५३ मध्ये ते अमेरिका सोडून कॅनडात ओटावाला गेले. कारण पगार नव्हतं, कारण राजकारण होतं. सिनेटर मॅकार्थी यांनी त्या काळात कोणालाही कम्युनिस्ट ठरवून आयुष्यातून उठवायचा धडाका लावला होता आणि कॉड यांना ते सहन होईना. या माणसाचा स्वभाव इथेच कळतो. पटलं नाही की पटलं नाही, मग समोर कोण आहे ते बघायचं नाही. चार वर्षांनी जुन्या मॅनेजरची योगायोगाने गाठ पडली आणि ते आयबीएममध्ये परतले. तिथे एकाच कॉम्प्युटरवर एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम कसे चालवायचे, या कामात होते.

मग १९६१ मध्ये, घरदार, मुलंबाळं असताना, कंपनीच्या स्कॉलरशिपवर ते मिशिगन विद्यापीठात पुन्हा विद्यार्थी झाले. १९६५ मध्ये पीएचडी मिळाली तेव्हा वय बेचाळिशीला टेकलेलं. विषय डेटाबेसचा नव्हताच. फॉन नॉयमन या गणितज्ञाने दाखवलं होतं की चौकटींच्या जाळ्यावर स्वतःची नक्कल स्वतः बनवणारं यंत्र मांडता येतं. त्यांच्या मांडणीत प्रत्येक चौकटीला २९ अवस्था लागायच्या. कॉड यांनी तेच ८ अवस्थांत करून दाखवलं. म्हणजे गोष्ट कमीत कमी सामानात बसवायची, ही खोड तेव्हापासूनची.

आता मुख्य भाग. साठच्या दशकाच्या शेवटी कॉड कॅलिफोर्नियात, सॅन होजेच्या आयबीएम संशोधन केंद्रात आले. तोवर बँका, विमा कंपन्या, कारखाने यांनी आपला कारभार कॉम्प्युटरवर टाकायला सुरुवात केली होती. आयबीएमचा त्यातला हुकमी एक्का होता आयएमएस. चंद्रावर माणूस नेणाऱ्या अपोलो मोहिमेच्या रॉकेटला लागणाऱ्या असंख्य सुट्या भागांचा हिशोब ठेवायला ही सिस्टिम तयार झाली होती. डेटा झाडासारखा ठेवलेला: मोठा भाग, त्याच्याखाली छोटे भाग, त्यांच्याखाली आणखी छोटे. एका नोंदीतून दुसऱ्या नोंदीकडे बोट दाखवलेलं. प्रोग्रॅमरने त्या बोटांच्या दिशेने एकेक पाऊल टाकत जायचं.

गावात पत्ता सांगतात ना, तसं समजा. एसटी स्टँडवरून उतरा, डावीकडे पिंपळाच्या पारापर्यंत या, तिथून तिसरं घर. जोपर्यंत पिंपळ आहे तोपर्यंत पत्ता चालतो. रस्ता रुंद करायला पिंपळ तोडला की तो पत्ता पाठ असलेले सगळे पाहुणे हरवले. आयएमएससारख्या सिस्टिममध्ये हेच व्हायचं. कोणी वेग वाढावा म्हणून डेटाची मांडणी बदलली की त्या मांडणीच्या भरवशावर लिहिलेले प्रोग्रॅम कोसळायचे. डेटा तोच, प्रश्न तोच, पण प्रोग्रॅम नव्याने लिहा. आणि मॅनेजरने एखादा नवा प्रश्न विचारला, ज्याची वाट आधी आखलेली नाही, तर प्रोग्रॅमरचे कित्येक दिवस त्यातच जायचे.

कॉड यांनी १९६९ मध्ये कंपनीच्या आत एक अहवाल लिहिला आणि जून १९७० मध्ये एसीएम या संस्थेच्या मासिकात तो विचार सविस्तर छापून आला. पेपर अवघ्या अकरा पानांचा आहे. त्यात सुरुवातीलाच त्यांनी तेव्हाच्या सिस्टिमचे तीन आजार सांगितले. प्रोग्रॅम डेटाच्या क्रमावर अवलंबून असतो, इंडेक्सवर अवलंबून असतो आणि डेटापर्यंत पोचायच्या वाटेवर अवलंबून असतो. उपाय काय? सगळी माहिती टेबलमध्ये ठेवा. ओळींना क्रम नाही. एका टेबलचा दुसऱ्याशी संबंध बोट दाखवून जोडायचा नाही, तर दोन्हीकडे असलेल्या किमतीने जोडायचा. विद्यार्थ्यांच्या टेबलात रोल नंबर ४१ आहे, फीच्या टेबलातही ४१ आहे, झालं. दोन्ही टेबलं डिस्कच्या कुठल्याही टोकाला असोत, नवीन हार्डडिस्कवर हलवा, मांडणी उलटीपालटी करा, ४१ हा ४१ च राहतो.

आणि या सगळ्याला त्यांनी गणिताचा पाया दिला: संच आणि तर्कशास्त्र. टेबलं एकमेकांत मिसळा, त्यातून ओळी निवडा, काही रकाने वेगळे काढा, उत्तर पुन्हा टेबलच येणार. म्हणून त्या उत्तरावर पुन्हा प्रश्न विचारता येतो. बेरीज केल्यावर संख्याच मिळते आणि तिची पुन्हा बेरीज करता येते, तसंच. माझ्या मते कॉड यांच्या कामातली सगळ्यात देखणी गोष्ट हीच आहे, पण इंजिनिअरिंगच्या पुस्तकात ती एका ओळीत उरकतात आणि पुढची वीस पानं नॉर्मलायझेशनला देतात. नॉर्मलायझेशनही कॉड यांचंच म्हणा. पहिला नॉर्मल फॉर्म १९७० च्या पेपरमध्ये आला, दुसरा-तिसरा नंतर वर्षभरात. डीबीएमएसच्या पेपरच्या आदल्या रात्री ज्यांनी जागरण केलंय त्यांना राग कोणावर काढायचा ते आता कळलं असेल.

आयबीएमला हे आवडायला हवं होतं. पण आयएमएस तेव्हा जोरात विकली जात होती. आपल्याच दुकानातला माणूस आपलाच माल जुनाट आहे म्हणतोय, हे कुठल्या कंपनीला चालेल? शिवाय पेपरमधलं गणित बहुतेकांच्या डोक्यावरून गेलं. कॉड यांनी मग वेगळाच मार्ग धरला. आयबीएमच्या मोठ्या गिऱ्हाइकांनाच ते हा विचार समजावून सांगू लागले आणि गिऱ्हाइकं कंपनीला विचारू लागली की हे कधी मिळणार. नोकरी करणाऱ्या कोणालाही विचारा, वरिष्ठांना वळसा घालून असं करणं किती महागात पडू शकतं.

१९७४ मध्ये मिशिगनमधल्या अॅन आर्बर इथे एका परिषदेत कॉड आणि चार्ल्स बॅकमन यांच्या बाजूंची जाहीर चर्चा झाली. बॅकमन हे समोरच्या पंथाचे अध्वर्यू. आदल्याच वर्षी त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळालेला आणि पुरस्काराच्या भाषणात त्यांनी प्रोग्रॅमरला डेटाच्या समुद्रातला वाटाड्या म्हटलं होतं. कॉड यांचं म्हणणं नेमकं उलट: वाटाड्याची गरजच पडू नये. गंमत म्हणजे दोघांतला खरा वैमानिक आणि समुद्रावर दिशा शोधण्याचा अनुभव असलेला माणूस कॉड होते.

शेवटी आयबीएमने सिस्टिम आर नावाचा प्रयोग सुरू केला. पण त्याची सूत्रं कॉड यांच्याकडे दिली नाहीत. कॉड यांनी आल्फा नावाची भाषा कागदावर मांडली होती, ती बाजूला राहिली. डॉन चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी सीक्वेल नावाची भाषा बनवली. ते नाव दुसऱ्या कोणाचा ट्रेडमार्क निघालं, म्हणून आखूड होऊन एसक्यूएल झालं. आज जगभर जी चालते ती हीच. कॉड यांना ती पुरती कधीच पटली नाही. एसक्यूएलच्या टेबलात तीच ओळ दोनदा येऊ शकते, यावर त्यांचा फार राग होता. संचात एकच गोष्ट दोनदा कशी असेल, हा त्यांचा सरळ प्रश्न. हा वाद पुस्तकी नाही. ज्याच्या टेबलात एकच पावती दोनदा चढलीय आणि बेरीज चुकतेय, त्याला विचारा.

दरम्यान कागदावरचा विचार बाहेर गेलाच होता. बर्कलेच्या विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर आणि युजीन वाँग यांनी इंग्रेस बनवली. लॅरी एलिसन यांनी आयबीएमचे छापलेले पेपर वाचून १९७७ मध्ये कंपनी काढली आणि १९७९ मध्ये ओरॅकल बाजारात आणलं. आयबीएमचं स्वतःचं उत्पादन १९८१ मध्ये आलं, डीबी२ १९८३ मध्ये. ज्या घरात शोध लागला तिथेच तो सगळ्यात उशिरा पोचला. १९८१ मध्ये कॉड यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९८४ मध्ये त्यांनी आयबीएम सोडली.

तोवर वारं इतकं फिरलं होतं की जो उठेल तो आपल्या सॉफ्टवेअरवर रिलेशनल असं लेबल चिकटवू लागला. पीसीवर डीबेस होतं. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये डीबेस आणि फॉक्सप्रो शिकलेले काका-मामा तुमच्या घरातही असतील. त्यात पहिल्या नोंदीवर जा, मग एकेक नोंद पुढे सरक, अशा आज्ञा द्यायच्या. म्हणजे पुन्हा वाटाड्याच. कॉड वैतागले आणि १९८५ मध्ये कॉम्प्युटरवर्ल्ड साप्ताहिकात त्यांनी रिलेशनल म्हणवून घ्यायच्या अटीच छापल्या. त्यांना १२ नियम म्हणतात, पण आहेत १३, कारण मोजणी शून्यापासून. प्रोग्रॅमर शेवटी.

त्यातले दोन नियम आपल्या बटणासाठी लागतात. एक: कुठलीही माहिती टेबलचं नाव, रकान्याचं नाव आणि प्रायमरी की एवढ्यावर मिळालीच पाहिजे. दुसरा: डेटा प्रत्यक्ष कुठे आणि कसा साठवलाय हे बदललं तरी वरचा प्रोग्रॅम बदलावा लागू नये.

आता बटण. समजा एका क्लासच्या प्रवेशाची नोंद लिबरऑफिस बेसमध्ये आहे आणि प्रत्येक विद्यार्थ्याचा फोटो जोडायचाय. फॉर्म डिझाइनमध्ये उघडा, एक पुश बटण ठेवा, त्याच्या गुणधर्मांतल्या इव्हेंट्समध्ये कृती करण्याच्या इव्हेंटला मॅक्रो जोडा. मॅक्रोला करायचं काम थोडंसंच आहे. लिबरऑफिसची फाइलपिकर नावाची सेवा तयार करायची, जेपीजी आणि पीएनजीचा फिल्टर लावायचा, एक्झिक्यूट म्हणायचं. खिडकी उघडते. वापरणाऱ्याने फाइल निवडली तर उत्तर १ येतं, कॅन्सल केलं तर ०. मायक्रोसॉफ्ट अॅक्सेसमध्ये हेच फाइलडायलॉग नावाने होतं, फक्त तिथे फाइल निवडल्याचं उत्तर उणे १ येतं. इकडचा कोड तिकडे चिकटवणारे इथे हमखास अडकतात.

बेसमध्ये आणखी दोन खड्डे आहेत. निवडलेल्या फाइलचा पत्ता वेब पत्त्यासारखा येतो. फाइलचं नाव मराठीत असेल तर टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळच दिसते. कन्व्हर्टफ्रॉमयूआरएल या फंक्शनने ती साध्या पत्त्यात बदलून घ्या. आणि मॅक्रोने रकान्यात मजकूर नुसता दाखवला तर तो डोळ्यांना दिसतो, पण टेबलात उतरत नाही. त्या कंट्रोलला कमिट सांगावं लागतं.

इथवर सगळे येतात. चूक याच्या पुढे आहे. टेबलात पडलेला पत्ता काय असतो? डी ड्राइव्ह, त्यात प्रवेश २०२३ हे फोल्डर, त्यात फोटो, त्यात अमुक फाइल. हा पिंपळाच्या पाराचाच पत्ता झाला! जूनमध्ये नवा लॅपटॉप आला, ड्राइव्हचं अक्षर बदललं, की चारशे पोरांचे फोटो एका झटक्यात गायब. फोटो डिस्कवर आहेत, नावं टेबलात आहेत, पण दोघांची गाठ पडत नाही. आणि नेमकं त्याच आठवड्यात ओळखपत्रं छापायची असतात. कॉड यांनी १९७० मध्ये ज्या रोगाचं नाव घेतलं तोच रोग आपण एका बटणाने परत घरात आणतो.

म्हणून मॅक्रोमध्ये एक पायरी वाढवा. निवडलेली फाइल आधी स्वतःच्या ठरलेल्या फोल्डरमध्ये कॉपी करा आणि तिला विद्यार्थ्याच्या प्रायमरी कीचं नाव द्या, म्हणजे ४१ नंबरच्या मुलीचा फोटो ४१ याच नावाने. टेबलात फक्त ते नाव ठेवा. मूळ फोल्डर कुठे आहे, हे सेटिंगच्या एका वेगळ्या टेबलात, एकाच ओळीत. लॅपटॉप बदलला की ती एक ओळ बदलायची, चारशे नाही. हा शुद्ध अर्थाने नॉर्मल फॉर्म नाही, पण एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहायची, हा विचार तिथलाच.

आणि कॅन्सलचं काय? फोटोचा रकाना रिकामा राहतो. पण रिकामा म्हणजे नक्की काय? कॉड यांनी १९९० मधल्या पुस्तकात यावर बरंच लिहिलंय. त्यांच्या मते रिकामेपण दोन प्रकारचं असतं: माहिती लागू आहे पण अजून हाती आलेली नाही, किंवा ती मुळात लागूच नाही. फोटो द्यायचा राहिलाय, ही पहिली गोष्ट. खुल्या प्रवर्गातल्या मुलाचं जातीचं प्रमाणपत्र, ही दुसरी. दोन्हींना सारखंच रिकामं ठेवलं तर पालकांना आठवण करायची यादी कशी काढणार? त्यांचे जवळचे सहकारी ख्रिस डेट यांना नल ही कल्पनाच मान्य नव्हती, आणि दोघांचा हा वाद जाहीरपणे चालला. बाजारातल्या डेटाबेसने मात्र कॉड यांचे दोन प्रकार घेतले नाहीत. तो रकाना तुम्हालाच वेगळा ठेवावा लागतो.

तुमच्या फोनमध्ये हा प्रश्न कसा सोडवलाय, बघा. अँड्रॉइड ४.४ पासून एखादं अॅप सिस्टिमची फाइल निवडायची खिडकी उघडतं तेव्हा त्याला सहसा खरा पत्ता मिळत नाही. कंटेंट या शब्दाने सुरू होणारी एक खूण मिळते आणि ती वाचायची परवानगी मिळते. फाइल फोनमध्ये आहे, मेमरी कार्डवर आहे की ड्राइव्हवर, ते अॅपला कळायची गरज नाही. याउलट व्हॉट्सअॅपमध्ये जुना फोटो उघडताना फाइल सापडत नाही असं कधी आलंय? चॅटचा मजकूर एसक्यूलाइटच्या डेटाबेसमध्ये असतो आणि फोटो बाहेर फोल्डरमध्ये. जागा करायला गॅलरीतून फोटो उडवला की नोंद तशीच राहते आणि फोटो जातो.

कॉड यांच्या उत्तरायुष्याबद्दल लिहिण्यासारखं कमी आहे आणि त्यातलं सगळंच चांगलं नाही. आयबीएम सोडल्यावर डेट यांच्यासोबत त्यांनी सल्लागार कंपनी चालवली. १९९० मध्ये सहकारी शॅरन वाइनबर्ग यांच्याशी लग्न केलं. १९९३ मध्ये मोठ्या आकडेवारीचं विश्लेषण कसं असावं, यावर त्यांच्या नावाने पुन्हा १२ नियम आले. तो लेख एका सॉफ्टवेअर कंपनीने पैसे देऊन लिहून घेतल्याचं बाहेर आलं आणि बरीच टीका झाली. दुसऱ्यांच्या लेबलांवर तुटून पडणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे घडावं, हे मला तरी खटकतं. पण त्याने १९७० ची अकरा पानं खोटी होत नाहीत.

१८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडातल्या राहत्या घरी हृदय बंद पडून त्यांचं निधन झालं. वय ७९. पुढच्या वर्षी एसीएमच्या डेटाबेस गटाने आपल्या सर्वोच्च संशोधन पुरस्काराला कॉड यांचं नाव दिलं. हा पुरस्कार १९९२ मध्ये सुरू झाला तेव्हा पहिला मानकरी होता इंग्रेसवाला स्टोनब्रेकर.